पदराखालचा भाव

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

पुन्हा आक्काबाईंचं दुधाचं चिलिंग सेंटर! सकाळी त्यांच्या मुलाचा, भिमाजींचा फोन — "मॅडम, मशीन परत बंद. सेन्सर फॉल्ट दाखवतंय. नशीब, टँकर गेल्याव झालं, टाकी मोकळी हुती."

खरं तर फोनवरच सांगायला हवं होतं. पॅनेल उघडा, खालच्या ओळीतली निळी वायर सुटलीय का बघा, स्क्रू आवळा. चहा उकळायला याहून जास्त वेळ लागतो. गेल्या वेळी तेच निघालं होतं, त्याच्या आधीही तेच.

सांगितलं नाही. म्हटलं, "येते."

पाथर्डी गाडी लगेच मिळाली. करंजीचा घाट चढताना एकदम हलकं वाटायला लागलं. कामाला निघालेल्या बाईचं तोंड असं हसरं नसतं, म्हणून खिडकीकडे तोंड करून बसले.

तिसगावच्या फाट्यावरून चालत गेले. भिमाजी नेहमीप्रमाणे मोटारसायकलवर गावोगाव फिरायला गेलेले. त्यांची बायको मुलांच्या शाळेसाठी पाथर्डीत खोली घेऊन राहते. म्हणजे दुपारी सेंटरवर एकट्या आक्काबाई. पायरीवर बसून, मांडीवर पानसुपारीची लाल चंची घेऊन, अडकित्त्यानं सुपारी कातरत होत्या. "आलीस का पोरी! मला वाटलंच."

निळी वायरच सुटलेली. आवळली. कॉम्प्रेसर गुरगुरला, सुरू. पाच मिनिटं झाली नसतील. मग शेंगोळी, बाजरीची भाकरी, कांदा. "वाढू का अजून?" हे वाक्य मी घरी कोणाकडून ऐकणार? शेजारणीच्या म्हशीला काय झालं, तिच्या सुनेनं कोणती साडी घेतली, तिसगावच्या बाजारात वांगी कशी — सगळं ऐकून घेतलं. मला त्यातलं एकही माणूस माहीत नाही. तरी ऐकायला बरं वाटतं.

निघताना पैशाचं. आक्काबाईंचे मालक घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात दलाल होते. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत — उपरण्याखाली एकमेकांचा हात धरायचा, बोटं दाबायची. एक बोट म्हणजे एक, सगळा पंजा धरला की पाच, अर्ध्यासाठी बोटाच्या मधल्या पेरावर दाबायचं. चारचौघं भोवती उभे असले तरी कोणाला कळत नाही. मालक गेले, ही विद्या मात्र बाईंकडे राहिली. दोन वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा इथं पॅनेल बसवायला आले, माझी फी विचारली, मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी माझा हात ओढून पदराखाली घेतला. "भाव असा मोठ्यानं बोलू न्हाई. इकडं सांग." मी तीन बोटं दिली. त्यांनी दोन दाबली. अडीचवर आलो. अडीच हजार, एका खेपेचे.

तेव्हापासून भाव तोच आहे. तरी दर वेळी हात पदराखाली जातो, त्या दोन दाबतात, मी तीन, मग अडीच. आजही. हात खरखरीत आहे त्यांचा, आणि उबदार.

घरी आले. कुलूप काढलं. अब्बा होते तेव्हा आतून "कौन?" यायचं. दीड वर्ष झालं. अजून दार उघडून मी क्षणभर थांबते!

५ फेब्रुवारी

आज दिवसभरात कोणाशी बोलले नाही. दूधवाल्याला "अर्धा" म्हटलं, ते धरलं तर एक शब्द.

११ फेब्रुवारी, मंगळवार

संगमनेरहून ओमशेठचा फोन. पॅनेल, कंट्रोलर, मोडेम असलं सगळं विकतात. तिथल्या एका छोट्या डेअरीनं मला विचारलंय, कोणाकडून माल घ्यावा. मी ओमशेठचं नाव सांगणार होते, कारण त्यांचा माल खरंच चांगला आहे. त्यांना कुठून तरी कळलं.

"रुमानाताई, तुमचं काय ते बघून घेऊ. बिलात धरतो. दहा टक्के?"

"मी माझी फी डेअरीकडून घेते."

"घ्या की! ती वेगळी, ही वेगळी. सगळे घेतात. तुम्ही घेतलं नाही म्हणजे ते गिऱ्हाईकाला परत जातं असं समजू नका. माझ्याकडंच राहतं."

"मग त्यांच्या बिलातून कमी करा."

हसले ते. वाईट हसले नाहीत, लहान मुलाला हसतात तसं.

आपल्याकडे हे असंच आहे. पार्ट हातात घेता येतो, त्याचे पैसे लोक देतात. मेकॅनिकचे हात काळे झालेले दिसतात, त्याचेही देतात. पण डोक्यातलं कसं दिसणार? "तुम्ही नुसतं सांगितलं तर, मॅडम! त्याचे कसले पैसे?" हे वाक्य मी नोकरी सोडून स्वतंत्र काम सुरू केल्यापासून इतक्या वेळा ऐकलंय की आता रागही येत नाही. मग सल्ला देणारा सल्ला फुकट देतो आणि दुकानदाराकडून गुपचूप घेतो. गिऱ्हाईक म्हणतं, किती सज्जन माणूस, काही घेत नाही! आणि जी उघड फी सांगते ती बाई महाग. लोभी. एकटी असून हिला पैसा कशाला लागतो, असंही एकदा कानावर आलं. एकटीला जास्त लागतो बाबांनो, हातभार लावायला कोण आहे!

तर मी असा कट, म्हणजे कमिशन, घेत नाही. कधीच नाही. एवढी एक गोष्ट माझी सरळ आहे, असं ओमशेठना ऐकवलं. तोऱ्यात ऐकवलं.

ते म्हणाले, "बरं बरं. पण तिसगावच्या सेंटरला तो मोडेम का नाही बसवला अजून? दिवाळीला सांगितलं होतं तुम्हाला. घरबसल्या मोबाईलवर सगळं दिसतं. काय बिघडलं, कुठं बिघडलं. खेपा वाचतात."

मी म्हटलं, "बघते." आणि फोन ठेवला.

१२ फेब्रुवारी

का नाही बसवला? उत्तर मला माहीत आहे. आज लिहीत नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

परत फोन, परत सेन्सर फॉल्ट, परत टँकर गेल्यावर. परत मी "येते" म्हटलं.

आज भिमाजी घरी होते. निळी वायर. आवळली. खरं म्हणजे या वायरीच्या टोकाला लग दाबून बसवायला पाहिजे — तांब्याचं छोटं टोपण असतं, ते बसवलं की वायर निसटत नाही. लग माझ्या पिशवीत होते. पाकीटभर! बसवलं नाही. बसवलं तर परत कशाला बोलावतील?

हे लिहिताना हात थांबला. पण खोटं लिहायचं असेल तर रोजनिशी कशाला हवी.

जेवायला बसले तेवढ्यात दारात एक बाई आली, रिकामी कॅन घेऊन, तावातावानं. दोन गायी आहेत तिच्या. "भिमाजी, लिटरमागं दहा पैसे कशापायी कापले? आमी काय पाप केलं?"

भिमाजी म्हणाले, "मावशी, दुरुस्तीचा खर्च लई वाढलाय. मशीन सारखं बंद पडतंय. सगळ्यांचेच कापलेत, तुमचे एकटीचे न्हाई."

बाई कटकट करत गेली. भिमाजी माझ्याकडे वळून घाईनं म्हणाले, "तुमचं न्हाई हां मॅडम, समदा मिळून खर्च सांगतोय." आक्काबाई मान खाली घालून तव्यावरची भाकरी उलटत राहिल्या. मला वाटलं, माझ्यासमोर पैशाचं निघालं म्हणून त्यांना अवघडल्यासारखं झालं.

माझ्या ताटात तिसरी भाकरी होती. पाण्याबरोबर उतरवली.

पदराखाली हात गेला. दोन, तीन, अडीच. मी आज तीन दाबायला नको होतं. पण दाबलं नसतं तर त्यांनी विचारलं असतं, काय झालं म्हणून.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

ओमशेठ, माफ करा. मी कट घेते. पैशात घेत नाही, भाकरीत घेते. वाढू का अजून, यात घेते. आणि तो कट ती दोन गायींची बाई भरते, दहा-दहा पैशांनी.

नोव्हेंबरपासून चार खेपा झाल्या. चारही फोनवर भागल्या असत्या. दिवाळीतच मोडेम बसवला असता तर एकही लागली नसती.

बरं, आता करायचं काय? सांगायचं. सांगायचं म्हणजे ते घर गेलं! दुसरं घर माझ्याकडे नाही. आदिल पुण्यात आहे, भाऊ म्हणून चांगला आहे, पण त्याच्याकडे मी पाहुणी. दोन दिवसांनी भावजय विचारते, "आपा, परतीची गाडी किती वाजता?" प्रेमानंच विचारते.

२ मार्च, रविवार

पहिला रोजा. बांग झाली, खजूर खाल्ला. अब्बांच्या वेळच्या सवयीनं दोन ग्लास सरबत केलं. दोन्ही मीच प्यायले.

ईदच्या आत सांगायचं. ठरलं.

८ मार्च, शनिवार

सांगितलं. सगळं सांगितलं. आता एकदम पोकळ वाटतंय.

सकाळी फोन आला, तेच. भिमाजींना म्हटलं, तुम्ही घरी थांबा, मला बोलायचंय. गेले. आक्काबाईंना माझा रोजा कळला तेव्हा त्यांची नुसती धांदल — "मंग मी तुला उपाशी लावून देऊ व्हय? दिवस मावळल्याव खाशील ना? डबा देते बांधून." लगेच पीठ मळायला घेतलं.

मी ओट्यावर बसले आणि बोलायला सुरुवात केली. शब्द जुळवून नेले होते, ते घाटातच विसरले. "भिमाजी, मला इथं यायची गरज नव्हती. मागच्या चारही वेळा. वायर सुटते एवढंच. ती पक्की करता येते, मला येते, मी केली नाही. आणि एक मोडेम मिळतो, तो बसवला की मला घरूनच सगळं दिसतं. तोही मला ठाऊक होता. मी सांगितलं नाही."

भिमाजींनी विचारलं, "म्हंजी पैशासाठी?"

काय सांगणार? पैशासाठी नाही, जेवायला येत होते? तुमच्या आईशी गप्पा मारायला येत होते आणि त्याचे अडीच हजार लावत होते? ते तर अजून वाईट! मी म्हटलं, "कशासाठी का असेना. चुकीचं होतं. चारही खेपांचे पैसे परत करते. आजचे घेणार नाही."

"मॅडम," ते म्हणाले, "आमी तुमाला घरातलं समजत हुतो. दुसऱ्या कुनी केलं असतं तर मी त्याला फाट्यापर्यंत पळवलं असतं." आवाज चढला नाही त्यांचा. चढला असता तर बरं झालं असतं.

आक्काबाई पीठ मळता मळता थांबल्या. माझ्याकडे बघितलं नाही. हात तसेच पिठाचे, उठून आत गेल्या. परत बाहेर आल्या नाहीत. डबा नाही, पदर नाही, "ये गं पोरी" नाही.

त्यांना राग येणारच. दोन वर्षं जिच्या पानात वाढलं, त्या बाईनं त्यांच्याच घराला टोपी घातली.

या वेळी वायरीला लग बसवलं. नीट दाबून.

परतीच्या गाडीत दिवस मावळला. पर्समध्ये एक खजूर होता, तो खाल्ला. शेजारच्या माणसानं पाण्याची बाटली पुढे केली, काही न विचारता. रडू आलं. त्या बिचाऱ्याला वाटलं असेल, बाटलीचं एवढं काय!

१० मार्च

भिमाजींना दहा हजार पाठवले. त्यांचं उत्तर — "मिळाले." एवढंच.

ओमशेठकडून मोडेम घेतला. म्हटलं, माझा जो काही कट धरला असेल तो काढून बिल भिमाजींच्या नावावर करा. "ताई, तुम्ही धंदा शिकणार नाही," म्हणाले, पण केलं.

१५ मार्च, शनिवार

मोडेम बसवून आले. बसवायचे पैसे घेतले — ठरवून, उघड, तोंडानं बोलून. नऊशे. भिमाजींनी लगेच दिले. पदराखाली भाव करायला कोणी नव्हतंच. "आईचं डोस्कं दुखतंय, आत पडलीय." दार अर्धं उघडं होतं. मला चंचीचा लाल कोपरा दिसला, पाय दिसले. पाय हलले. पण हाक आली नाही, आणि मीही मारली नाही.

लग बसवलेल्या वायरीवर वरून प्लास्टिकची टायही ओढून बांधली. आता बैल जुंपून ओढली तरी निघायची नाही. कंट्रोलरच्या पोटात जुन्या बिघाडांची नोंद असते, तीही मोबाईलवर उतरवून घेतली. पुढेमागे लागते.

भिमाजी म्हणाले, "ते कापलेले दहा पैसे परत द्यायला लागलोय सगळ्यांचे."

"बरं केलंत."

"तुमी खरं सांगितलं म्हनून." मग पायानं माती सारखी करत राहिले. "आता तुमाला यायची गरज न्हाई पडनार ना?"

"नाही पडणार."

माझ्याच तोंडानं म्हटलं हे! कामाची हमी देतात तसं, ठासून.

२२ मार्च, शनिवार

मोबाईलवर सगळं दिसतं. सकाळी दूध ओतायला लागले की टाकीचं तापमान वर जातं, मग हळूहळू चार अंशांवर येतं. टँकर आला की टाकी रिकामी. धुतात तेव्हा गरम पाण्यानं रेषा एकदम उसळते. संध्याकाळी परत दूध.

मी दिवसातून कितीतरी वेळा उघडून बघते. कामासाठी नाही. आज टाकी उशिरा धुतली गेली. भिमाजी बाहेर असतील, आक्काबाईंनी एकटीनं धुतली असेल. कंबर धरते त्यांची. एवढ्या मोठ्या टाकीत वाकायचं म्हणजे...

कॉम्प्रेसर किती तास चालला ते मला कळतं. माणूस जेवलं का ते कळत नाही.

३१ मार्च, सोमवार

ईद. शीरखुर्मा केला. माप अब्बांच्या वेळचंच पडलं, पातेलंभर झाला. खालच्या मजल्यावर दिला, समोर दिला. सगळ्यांनी "बसा ना" म्हटलं आणि सगळ्यांच्या घरात पाहुणे होते. बसले नाही.

आदिलचा व्हिडिओ कॉल. मुलांनी नवे कपडे दाखवले, फोन एकमेकांच्या हातातून पळवला, मग पडला, मग बंद झाला.

भिमाजींचा मेसेज — "ईद मुबारक मॅडम." पिवळं फूल. मी तीनदा वाचला. आक्काबाईंकडे फोन नाही. काल पाडवा होता. पुरणपोळी केली असेल त्यांनी. मागच्या वर्षी मला बांधून दिली होती, तुपाची वाटी वेगळी.

पातेल्यात अजून अर्धा आहे.

९ एप्रिल, बुधवार

सकाळी मोबाईल ओरडला. तिसगाव — सेन्सर फॉल्ट!

अशक्य. लग, स्क्रू, टाय. मी स्वतः बांधलेली. टाकीची रेषा बघितली — रिकामी. टँकर नुकताच गेलेला.

भिमाजींना फोन केला. ते शेवगावकडे होते. "तुमी येऊ नका मॅडम, मी संध्याकाळच्या दुधाच्या आत जाऊन लावतो. कसं लावायचं तेवढं सांगा." सांगितलं. फोनवर. जे नोव्हेंबरातच सांगायला हवं होतं ते. दुपारी त्यांचा फोन — "झालं चालू. वायर सुटली हुती. तुमची ती टाय खाली पडलेली. उंदरानं कुरतडली असंल." टायचा फोटो पाठवला.

उंदीर कुरतडतो तेव्हा कडा विस्कटतात. ही सरळ कापलेली होती. एका दाबात. कच्! सुपारी कातरतात तशी.

बराच वेळ फोटो बघत बसले. मग जुन्या बिघाडांची नोंद उघडली. नोव्हेंबरपासूनचे सगळे. टँकर गेल्यावर, टाकी रिकामी झाल्यावर, संध्याकाळचं दूध यायच्या कितीतरी आधी. एकही बिघाड दूध असताना नाही! बिघाडाला काय कळतं दूध कधी आहे न् कधी नाही? एक थेंब नासला नाही या सगळ्यात. भिमाजी दर वेळी "नशीब" म्हणायचे, आणि मीही मान हलवायचे. मी, एवढी शिकलेली!

टँकर गेला की भिमाजी निघायच्या गडबडीत असतात, नाहीतर गावं फिरायला गेलेले. सून पाथर्डीत. मशीनजवळ एकच माणूस असतं.

"आलीस का पोरी, मला वाटलंच." दर वेळी हेच म्हणायच्या. पायरीवर आधीच बसलेल्या असायच्या, पातेल्यात शेंगोळी दोघींच्या मापाची!

आणि त्या दिवशी मी ओट्यावर बसून सगळा दोष माझ्या अंगावर घेतला, तेव्हा त्या उठून आत गेल्या. मला वाटलं राग. महिनाभर मी तो रागच समजत होते.

आता काय करू? गिऱ्हाईकाला बिघाडाचं कारण सांगायचं, हा माझा नियम. भिमाजींना कारण सांगू?

१० एप्रिल, गुरुवार

मशीन ठीक होतं. कोणी बोलावलं नव्हतं. पहिल्या गाडीनं गेले, डब्यात शीरखुर्मा, काल पुन्हा नव्यानं केलेला.

पायरीवर होत्या. मला बघून अडकित्ता घाईघाईनं चंचीत कोंबला. भिमाजी मोटारसायकल पुसत उभे. हसू दाबत म्हणाले, "काल रात्री आईनं सांगितलं सगळं. मी तुमचे धा हजार परत पाठवनार हुतो, ती म्हनली ठेव. चूक दोघींची हाय, तू मधी पडू नको."

आक्काबाई माझ्याकडे बघेनात. "मशीन चालू हाय. मंग कशाला आलीस?"

"अशीच."

"अशीच?" दोनदा म्हणाल्या. "कामाबिगर कुनी येतं व्हय? मला वाटलं, काम निघाल्याबिगर तू कशाची येतीस. दूध सांभाळून केलं हां मी."

मी शेजारी बसले. त्यांनी माझा हात ओढून पदराखाली घेतला. सगळा पंजा धरला.

"पाच?" मी म्हटलं. "लई होतात."

"भाव न्हाई गं. नुसता धरलाय."